फीत कापायची घाई करू नका: मुंबईच्या किनाऱ्यावर बागा आखणाऱ्यांना खुले पत्र

मुंबईच्या समुद्रकाठी आणि नदीकाठी नव्या बागांचे आराखडे करणारे अधिकारी, अभियंते आणि वास्तुरचनाकार यांस,

सप्रेम नमस्कार.

पत्र लांबणार आहे, आधीच सांगते. एकतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. पस्तीस मिनिटांच्या तासात मावेल तेवढंच बोलायचं, या शिस्तीचा वचपा मी निवृत्तीनंतर काढते आहे.

निमित्त झालं वर्तमानपत्रातल्या एका चित्राचं. कोस्टल रोडच्या कडेला भराव घालून जी जमीन निघाली, तिच्यातल्या साधारण ७० हेक्टरांवर, म्हणजे जुन्या हिशेबात १७५ एकरांवर, बागा व्हायच्या आहेत. तिला महालक्ष्मी रेसकोर्सची १२० एकर जागा जोडून जवळजवळ ३०० एकरांचं उद्यान करायचं घाटतं आहे. चित्र त्याचंच होतं की दुसऱ्या कुठल्या किनाऱ्याचं, ते आता आठवत नाही. ही चित्रं हल्ली एकाच साच्यातून निघतात. गालिच्यासारखी हिरवळ, सायकलवरची बाई, फुगा धरलेला मुलगा आणि एकाच मापाची गोलमटोल झाडं. माझ्या नातीने ते निरखून पाहिलं आणि विचारलं, "आजी, या झाडांची सावली कुठे पडलीय?"

खरंच पडली नव्हती.

बागेलाही विरोध करणारी एक बाई, असा शिक्का मारून पत्र बाजूला ठेवू नका. या शहरात माणसाच्या वाट्याला मोकळी जागा किती येते हे मला लोकलच्या डब्यातूनही कळतं. बागा हव्यातच. पण पाण्याकाठची बाग कशी करायची याचा एक धडा याच शहराने गिरवून ठेवला आहे, तुमच्या कार्यालयांपासून अर्ध्या तासावर. तो तुम्ही पाहिला आहे का, एवढंच विचारायला हे पत्र.

मी माहीमला वाढले. लहानपणी वारा खाडीकडून फिरला की आई पटापट खिडक्या लावून घ्यायची. पलीकडे धारावीच्या टोकाला, मिठी नदीच्या काठावर महापालिकेची कचरा टाकण्याची जागा होती. पाहुण्यांना आम्ही तो वास दिसतो तितका वाईट नाही, असं काहीतरी सांगायचो. वास दिसत नाही हे आमच्या ध्यानातही येत नसे. १९७७ मध्ये तिथे कचरा टाकणं थांबलं. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतातल्या मंडळींनी त्याच सुमारास कल्पना मांडली होती की या उकिरड्यावर निसर्ग उद्यान करावं. लोक हसले असणार. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मीही हसले होते.

आज तिथे ३७ एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. बांद्रा-सायन लिंक रोडवर, धारावी बस डेपोच्या समोर. लोक त्याला माहीम नेचर पार्क म्हणतात, सायनचे लोक सायनचं म्हणतात आणि धारावीचे लोक, खरं सांगायचं तर, फारसं काहीच म्हणत नाहीत. त्याबद्दल पुढे सांगते.

१९८३ मध्ये पर्यावरण दिनाला डॉ. सलीम अली यांच्या हस्ते तिथे पहिलं रोप लागलं. पक्ष्यांमध्ये आयुष्य घालवलेल्या त्या म्हाताऱ्या माणसाने आपल्या वयाच्या सत्त्याऐंशीच्या आसपास उकिरड्यावर रोप लावलं, यात मला फार काहीतरी दिसतं. ते झाड मोठं झालेलं बघायला आपण असणार नाही हे त्यांना ठाऊक असणारच. १९८७ मध्ये ते गेले. १९९१ मध्ये ती जागा संरक्षित वन म्हणून जाहीर झाली. आणि लोकांसाठी उद्यान खुलं झालं ते २२ एप्रिल १९९४ ला, वसुंधरा दिनी.

आकडे परत बघा. कचरा थांबल्यापासून सतरा वर्षं. पहिल्या रोपापासून अकरा. एवढा काळ गेल्यावर फीत कापली गेली.

ती सगळी वर्षं शहाणपणाचीच होती असं मी म्हणणार नाही. सरकारी फायलींची चालही त्यात असेल, पैशांची ओढाताण असेल. पण झाडांना फाइल कळत नाही. त्यांना फक्त एवढंच कळलं की अकरा पावसाळे कुणी आपल्याला उपटायला आलं नाही.

आता हे सांगायला हवं की उकिरड्यावर झाड जगवणं म्हणजे काय. कचरा थांबला म्हणून कचरा संपत नाही. खाली तो वर्षानुवर्षं कुजत राहतो, तापतो, वायू सोडतो, बसत जातो. इथे वीतभर, तिथे हातभर जमीन खचते. वर मातीचा थर द्यावा लागतो आणि त्या थरात आधी अशी झाडं लावावी लागतात जी नखरे करत नाहीत. ती पाला गाळतात, पाला कुजतो, माती जरा बरी होते, मग पुढची येतात. पाखरं उंबराची, पिंपळाची फळं खाऊन येतात आणि जाता जाता आपली कामगिरी करून जातात. अशी झाडं कुठल्याच आराखड्यात नव्हती, पण आज तीच सगळ्यात भक्कम उभी आहेत. पाण्यासाठी पावसाचं पाणी साठवणारा तलाव केला आहे. आपल्याकडे चार महिने धो धो आणि आठ महिने ठणठणाट. हिरवळीला त्या आठ महिन्यांत रोज पाणी पाजायचं, तर ते पाणी येणार कुठून, हा प्रश्न त्या तलावाने आधीच सोडवून ठेवला.

मी तिथे पहिल्यांदा मुलं घेऊन गेले १९९६ च्या जूनमध्ये. आठवीचा वर्ग, बावन्न मुलं आणि सोबतीला चित्रकलेचे सर, ज्यांना साप दिसेल अशी भीती होती. शाळा सायनची, मुलं बरीचशी धारावीची. त्यातल्या एकानेही हे उद्यान आतून पाहिलेलं नव्हतं. घरापासून पंधरा मिनिटं. फाटकातून आत शिरल्यावर रस्त्याचा आवाज एकदम खाली बसतो, तो तसा बसल्यावर मुलंही गप्प झाली. मुंबईतली बावन्न मुलं एकदम गप्प होणं ही घटना मी एकदाच अनुभवली आहे.

एका झाडावर पिवळी, पांढरी, लाल टिकल्यांची फुलपाखरं फिरत होती. "याला हळदीकुंकू म्हणतात," म्हटल्यावर मुली हसल्या आणि मग प्रत्येक फुलपाखराला नाव विचारत सुटल्या. तांबट पक्षी कुठेतरी टुक टुक करत होता. पुढे काठाच्या बाजूला गेलो. तिवरांची रांग, त्यापलीकडे ओहोटीला मागे सरलेली मिठी. चिखलातून तिवरांची श्वासमुळं पेन्सिली खोचून ठेवल्यासारखी वर आलेली. मी सांगत होते की या झाडाला खारं पाणी पचतं, जास्तीचं मीठ ते पानांवाटे बाहेर टाकतं. माझी पाठ वळताच एकाने पान चाटून बघितलं. "बाई, खरंच खारट आहे!" मिठीच्या काठचं पान! मी त्याला तीन वेळा चूळ भरायला लावली, पण वार्षिक परीक्षेत तो प्रश्न आला तेव्हा पूर्ण गुण त्यालाच मिळाले.

दुसरा एक मुलगा, शांत, शेवटच्या बाकावरचा. परत निघताना जवळ येऊन म्हणाला, "बाई, माझे आजोबा इथे काच वेचायचे." मी म्हटलं, हो, पूर्वी इथे कचरा होता. तो थोडा विचार करून म्हणाला, "मग जी वेचायची राहिली ती काच कुठे गेली?" मी बोटाने खाली दाखवलं. तो सबंध वाट खाली बघत चालला.

या मुलाचा प्रश्न मी तुम्हाला जसाच्या तसा पाठवते आहे. कारण तुमच्या ७० हेक्टरांखालीही काहीतरी आहे. तिथे समुद्र होता. खडक होते, त्या खडकांवर प्रवाळं होती. हाजी अली आणि वरळीची काही प्रवाळं उचलून दुसरीकडे नेऊन बसवावी लागली, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ती जमीन काल झालेली आहे. भराव खचत असतो, खारा वारा वर्षाचे बारा महिने अंगावर येतो, पावसाळ्यात उधाणाची लाट कठड्यावरून आत फेकली जाते. तिथे विमानतळाबाहेर असते तशी हिरवळ पसरली तर ती जगेल, नाही असं नाही. टँकरवर जगेल.

आणि कोकणच्या किनाऱ्याला काय लागतं हे कोकणातल्या कुठल्याही आजीला विचारा. उंडी, करंज, भेंडी (भाजीची नव्हे, वृक्षाची), केवडा, नारळ. वाळूत पसरणारी जांभळ्या फुलांची ती वेल, जिला आपल्या लोकांनी नाव दिलं मर्यादवेल. समुद्राची मर्यादा राखणारी म्हणून. एवढं देखणं नाव ठेवणाऱ्या लोकांच्या किनाऱ्यावर आपण परदेशी ताड आणून ओळीने उभे करावेत, याचं मला हसूही येतं आणि रागही.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती इतकी जुळून आली आहे की मीच रचली असं वाटेल. ज्या १९७७ मध्ये मिठीच्या दक्षिण काठावर कचरा थांबला, त्याच १९७७ मध्ये उत्तर काठावरच्या ३७० हेक्टरांसाठी एमएमआरडीएला, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला, विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं. तेच आजचं वांद्रे-कुर्ला संकुल, आपलं बीकेसी. तिथे खाजण होतं, दलदल होती, भरतीचं पाणी पसरायची जागा होती. निसर्ग उद्यानही पुढे त्याच संस्थेच्या छायेत वाढलं. म्हणजे एकच नदी, एकच साल, एकच संस्था. एका काठावर उकिरड्याचं जंगल झालं आणि समोरच्या काठावर खाजणाचं काचेचं शहर. बीकेसी वाईट असं मी म्हणत नाही, माझा मुलगा तिथेच नोकरीला आहे. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, त्यात भरतीची वेळ गाठली गेली आणि मिठीला पसरायला जागा उरली नाही, तेव्हा कुर्ला-कलिन्यात काय झालं ते आपण सगळ्यांनी भोगलं. त्यानंतर मिठीसाठी प्राधिकरण आलं, नदी रुंद केली, खोल केली आणि काठाला भिंती बांधल्या. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी, जेमतेम अठरा किलोमीटरांची ही नदी. तिचा बराचसा काठ आज सिमेंटचा आहे. जिथे अजून चिखल उरला आहे तिथे तिवरं आहेत, जिथे तिवरं आहेत तिथे बगळे, रातढोकरी आणि नशीब असेल तर चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या, म्हणजे छोटे मासे, दिसतात. भिंतीवर मला आजवर शेवाळाशिवाय काही दिसलेलं नाही.

म्हणून माझं एक मागणं आहे. नदीकाठी काय किंवा समुद्राकाठी काय, आराखड्यात पाण्याची कड सरळ रेषेने कापू नका. पाणी आणि जमीन यांच्यामध्ये एक पट्टा असा ठेवा, जो सकाळी पाण्याचा असतो आणि दुपारी जमिनीचा. तो घाण दिसेल. ओहोटीला वासही मारेल. उद्घाटनाच्या फोटोत तो चांगला येणार नाही हे मान्य. जिथे दगडांचा बांध आधीच घातला गेला आहे, तिथे हे जमणार नाही हेही मला कळतं. पण मिठीवर अजून जमेल. शिवडीच्या चिखलावर जमेल, जिथे थंडीत फ्लेमिंगो उतरतात आणि ज्याच्या आसपासच्या बंदराच्या जमिनीवर आज ना उद्या कुणीतरी असंच गोलमटोल झाडांचं चित्र काढणार आहे.

रेषा हलत नाही असं मला सांगू नका. वरळीच्या कोळ्यांनी होड्या सुखरूप जायला वाट मागितली, किती दिवस बसले, भांडले, तेव्हा कोस्टल रोडच्या पुलाच्या दोन खांबांमधलं अंतर ६० मीटरांवरून १२० मीटरांवर गेलं. एवढा अवाढव्य पूल जर होडीसाठी सरकला, तर बागेची पायवाट निवटीसाठी सरकायला काय हरकत आहे?

दिव्यांचंही तेच. हल्ली प्रत्येक झाडाच्या बुंध्याला विजेची माळ गुंडाळायची पद्धत पडली आहे. रात्रभर जांभळा, मग हिरवा, मग पुन्हा जांभळा. लग्नाच्या हॉलबाहेर ठीक आहे. चालायच्या वाटेवर उजेड असलाच पाहिजे, बायका-मुलींच्या दृष्टीने तर नक्कीच, त्यात तडजोड नको. पण वाट सोडून आतली झाडं रात्री काळोखात असू द्या. निसर्ग उद्यान संध्याकाळी बंद होतं, त्यामुळे तिथल्या रातढोकऱ्या निदान रात्री तरी आपल्या मालकीच्या जागेत असतात.

आता त्या उद्यानात काय चुकलं तेही सांगते, नाहीतर मी आरतीच ओवाळते आहे असं वाटेल. ते धारावीला खेटून आहे आणि धारावीचं नाही. मधला रस्ता असा भरधाव की तो ओलांडणं म्हणजे एक दिव्य. फाटक एक, त्यावर तिकीट; रक्कम छोटी असेना का, चार मुलांच्या आईने ती रोज का द्यावी? शाळांच्या सहली येतात, कॅमेरेवाले येतात, दक्षिण मुंबईतून पक्षी बघणारे दुर्बिणी घेऊन येतात. ज्यांच्या घरात उन्हाळ्यात पत्र्याखाली बसवत नाही ते मात्र येत नाहीत. माझ्या वर्गातल्या त्या बावन्न मुलांपैकी किती जण आपल्या आईवडिलांना घेऊन पुन्हा गेले ते मी पुढच्या आठवड्यात विचारलं होतं. दोन हात वर झाले. जंगल राखायचं तर माणसांची वर्दळ बेताची हवी, हे मी वर्गात शिकवलं आहे. पण कुणाची वर्दळ बेताची करायची, हे ठरवताना नेहमी तेच लोक कसे वगळले जातात, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. धारावीच्या पुनर्विकासाच्या गोष्टी रोज ऐकू येतात. त्यात हे उद्यान जसंच्या तसं राहो, एक फूटही कमी न होता. पण त्या नव्या धारावीतून उद्यानाच्या फाटकापर्यंत हातगाडी ढकलत, पोराचं बोट धरून, न धावता जाता यावं एवढी एक वाट तेवढी आखा.

तुमच्या ३०० एकरांनाही हा प्रश्न पडणार आहे. कोस्टल रोडच्या पलीकडे, भरधाव गाड्यांच्या आठ रांगांपल्याड समुद्राला लागून बाग. तिथे पोहोचायला भुयारी वाटा आहेत, आणखी होतील. त्या वाटांची तोंडं कुठे आहेत, कुठल्या बसथांब्याशी, कुठल्या चाळीशी, यावर ती बाग कुणाची हे ठरेल. हिरवळ कुठल्या जातीची लावायची हा प्रश्न त्याच्या पुष्कळ मागून येतो.

आणि शेवटी परत तेच, फीत. दर पाच वर्षांनी निवडणूक येते, मधे महापालिकेची, लोकसभेची, त्यामुळे झाडाला वाढायला वेळ द्या असं सांगणं म्हणजे नदीला उलटं वाहायला सांगण्यासारखं आहे, हे मला समजतं. म्हणून एक मध्यम मार्ग सुचवते. तुम्ही बागेच्या वाटेची फीत कापा, बाकांची कापा, हवं तर स्वच्छतागृहाचीही कापा. त्याची फीत कापणारा नेता मला तरी अधिक आदरणीय वाटेल. पण जागेचा एक तृतीयांश भाग असा ठेवा, ज्यावर पाटी असेल: 'येथे झाडे वाढत आहेत, अकरा वर्षांनी या.' त्या भागात रोपं लावा, पहिली तीन वर्षं जपा, पाला झाडू नका, आणि मग सोडून द्या. उंबर कुठे उगवायचं ते तांबटाला ठरवू द्या. त्या पाटीला लोक हसतील. आम्हीही हसलो होतो.

तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर मी निसर्ग उद्यान दाखवायला तयार आहे. जूनचा तिसरा आठवडा बरा, पहिले दोन-तीन जोरदार पाऊस होऊन गेलेले असतात. ओहोटीची वेळ बघून या आणि चिखलात चालतील अशी पादत्राणं घाला. तिकिटं मी काढीन. वाटेच्या एका वळणावर पावसाने माती धुऊन नेली होती, तिथे मला दोन-तीन वर्षांपूर्वी हिरव्या जाड काचेच्या बाटलीचा गळा दिसला होता. जुन्या घडणीची काच, आता तशी मिळत नाही. पिंपळाच्या एका मुळाने त्याला बरोब्बर मधून विळखा घातला होता. मी तो उचलला नाही. त्या शेवटच्या बाकावरच्या मुलाचा पत्ता माझ्याकडे नाही, नाहीतर त्याला कळवलं असतं. मागच्या पावसाळ्यात पुन्हा जाऊन बघितलं तेव्हा काच निम्मी दिसत होती, बाकीची मुळाच्या आत गेली होती. लवकर आलात तर दिसेल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सायन